डुकरिणीचं बाळंतपण नीट व्हायचं असेल तर शेड कसं असावं: नवीन लोकांसाठी

वराहपालन सुरू करायचंय म्हणून जे लोक विचारायला येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, जात कुठली घेऊ, यॉर्कशायर का लँडरेस का ड्युरॉक क्रॉस. दुसरा प्रश्न, किलोला भाव काय मिळतो. डुकरीण आडवी कुठं होणार, व्याल्यावर पिल्लं कुठं बसणार, हे कोणी विचारत नाही. मी पण विचारलं नव्हतं, माझ्या डोक्यात हेच होतं की डुकराला काय, कुठंही पडतं.

मग पहिल्याच वर्षी दणका बसला. माझी ती खोली होती ६ बाय ६ फुटाची, खाली एकदम गुळगुळीत कोबा, पिल्लांना ऊब म्हणून बल्ब टांगला तो पण बरोबर मधोमध. डुकरीण १० पिल्लं व्याली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ६ उरली होती, बाकीची आईखाली. मी ठरवून टाकलं की ही आई बेकार आहे आणि खाटकाला न देता एका ओळखीच्या माणसाला स्वस्तात देऊन टाकली. त्याच्याकडं जुना गुरांचा गोठा होता, त्यानं त्यात पाचट पसरून तिला मोकळी ठेवली आणि पुढच्या वेताला तिनं ९ च्या ९ वाढवली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण आईला सोडून घरालाच दोष द्यायला पाहिजे होता. म्हणून हे लिहितोय, फलटण पट्ट्यातल्या उसाच्या रानात बसून, ७-८ माद्यांचा अनुभव धरून. १०० माद्यांचा फार्म टाकणारे वेगळे, त्यांनी हे वाचून पुढं सल्लागार गाठावा.

आधी थोडा हिशोब

गाभणकाळ ११४ दिवस, लक्षात ठेवायला सोपं, ३ महिने ३ आठवडे ३ दिवस. म्हणजे १ जानेवारीला भरवली (नराकडून गाभण करून घेतली) तर २५ एप्रिलच्या आसपास विणार. (हा ऐन उन्हाळा, हे भरवायच्या आधी सुचलं पाहिजे, नंतर सुचून उपयोग नाही.) त्यात ४२ दिवस दूध पाजायचे धरा आणि दूध तोडल्यावर ७ दिवसांत परत माजावर आली असं धरा, झाले १६३ दिवस, म्हणजे वर्षाला सव्वादोन वेतं. दूध ५६ दिवसांनी तोडलं तर वर्षाला जेमतेम दोन.

आता बघा, खाणं तेवढंच, औषध तेवढंच, मजुरी तेवढीच. एका वेताला १० झाली आणि ९ जगली, का ७ जगली, एवढाच फरक. दोन वेतांत १८ आणि १४. ही ४ पिल्लं म्हणजेच तुमचा नफा असतो आणि ती बहुतेक वेळा पहिल्या ३ दिवसांत जातात. दीड किलोचं पिल्लू आणि दीडशे-दोनशे किलोची आई एका खोलीत, त्यात पिल्लाला थंडी वाजतेय म्हणून ते आईला चिकटून झोपतं, आईला उठबस करायला जागा नाही, मग काय होणार.

पायरी १: जागा आणि छप्पर

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे दुपारचं ऊन आत येत नाही. उंची कडेला निदान ८ फूट, मधे जास्त. पत्रा टाकलात तर वर पाचट नाहीतर पेंढा टाकाच, डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून ते चिखल शोधतं, त्याचा तो एसी आहे, त्याला घाणेरडं म्हणण्यात अर्थ नाही. सांगायचं म्हणजे जागा दिली तर डुक्कर झोपतं तिथं सहसा हागत नाही, लांबच्या ओल्या कोपऱ्यात जातं. ते घाण होतं कारण आपण त्याला दुसरा कोपराच ठेवत नाही.

कोकणात असाल तर उन्हापेक्षा पावसाचा त्रास, चार महिने फरशी सुकत नाही, तिथं पाया उंच घ्या आणि छप्पर बाहेर निदान ३ फूट काढा.

पायरी २: गाभण माद्यांना कुठं ठेवायचं

परदेशात मोठ्या फार्मवर गाभण मादीला लोखंडी पिंजऱ्यात ठेवायची पद्धत पडली, दोन फूट रुंद, सात फूट लांब, वळता पण येत नाही. कमी जागेत जास्त माद्या, भांडणं नाहीत, प्रत्येकीला मोजून खाणं, त्यांचा हिशोब असा होता. नंतर तिकडंच त्यावर बंधनं आली, ब्रिटननं १९९९ साली हे पिंजरे बंद केले, युरोपियन युनियनमध्ये २०१३ पासून भरवल्यानंतरचे पहिले ४ आठवडे आणि विण्याआधीचा शेवटचा आठवडा सोडला तर गाभण माद्या कळपातच ठेवाव्या लागतात. आपल्याकडं १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा धरलाय. त्यामुळं कोणी फॅब्रिकेटर गाभण माद्यांसाठी पिंजऱ्यांचं कोटेशन घेऊन आला तर चहा पाजा आणि परत पाठवा.

कायदा बाजूला ठेवला तरी पिंजऱ्यातल्या मादीचे पाय आणि कंबर कमजोर होते, बद्धकोष्ठ होतं आणि विताना तीच जास्त वेळ लावते. चालणारी बाई लवकर मोकळी होते असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते इथं पण चालतं.

छोट्या शेतकऱ्यानं ४-४ च्या गटात ठेवावं. भारतीय मानकाप्रमाणं भाकड किंवा गाभण मादीला छपराखाली १.८ ते २.७ चौरस मीटर जागा सांगितलीय, म्हणजे साधारण २० ते ३० चौरस फूट, वर थोडं मोकळं अंगण. मी ३० च धरतो, कमी जागेत चावाचावी होते. गट करताना एवढं बघा की माद्या एका अंगाच्या असाव्यात, पहिलारू पोरींना जुन्या दांडग्या माद्यांत टाकलं तर त्यांना खायलाच मिळत नाही. आणि भरवल्यानंतर पहिला महिनाभर नवीन मादी गटात घालू नका, या दिवसांत गर्भ पिशवीत रुजत असतो, मारामारी झाली की मादी उलटते (गाभण न राहता परत माजावर येते) नाहीतर पिल्लं कमी होतात, आणि आपण नराला शिव्या देत बसतो. मिसळायचंच असेल तर भरवायच्या आधी मिसळा, संध्याकाळी, पोटभर खायला घालून, खाली भरपूर पाचट टाकून.

भांडण सगळ्यात जास्त खाण्याच्या वेळी होतं. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे गव्हाणीला दीड-दोन फुटांवर आडव्या भिंती नाहीतर पाइप लावून डोकं आणि खांदा जाईल असे कप्पे करणं, म्हणजे एकीनं दुसरीचं हिसकावायला तिला मागं येऊन फिरून जावं लागतं, तोवर दुसरीचं खाऊन होतं. सव्वादोन-अडीच किलो खाद्य त्यांना पुरतं, फार माजवू नका, लठ्ठ मादी जड पडते आणि जड मादीच पिल्लं दाबते.

पायरी ३: विण्याची खोली (इथं कंजुसी करू नका)

मानकात विणाऱ्या मादीला छपराखाली ७ ते ९ चौरस मीटर सांगितलंय. ८ बाय १० फूट केलं की साधारण साडेसात चौरस मीटर होतं, बास. ६ बाय ६ चं काय होतं ते वर सांगितलंच.

आता डुकरीण आडवी कशी होते ते एकदा बसून बघा, खरंच बघा, अर्धा तास काढा. चांगली मादी आधी नाकानं जमीन हुंगते, गुरगुरते, पिल्लांना एका बाजूला करते, मग पुढच्या गुडघ्यांवर येते आणि भिंतीला पाठ घासत हळूहळू मागचा भाग सोडते. भिंतीचा आधार तिला लागतोच. आधार नसला किंवा खाली घसरत असलं की शेवटचा फूटभर ती धप्पकन पडते आणि त्याच क्षणी पिल्लू खाली सापडतं. म्हणजे ते पिल्लू आईच्या स्वभावानं मरत नाही, त्या शेवटच्या फूटभरात मरतं, आणि तो फूटभर तुमच्या गवंड्याच्या हातात असतो.

म्हणून तीन गोष्टी.

भिंतीच्या कडेनं दोन इंची जीआय पाइप, भिंतीपासून ८ ते १० इंच आणि जमिनीपासून पण ८ ते १० इंच. मादी घसरत बसली तरी पाइपच्या मागं फट उरते, पिल्लू त्यात निसटतं. पाइप भक्कम बसवा, दोनशे किलोचं अंग त्यावर येणार आहे, माझ्या गवंड्यानं पहिल्यांदा नुसते स्क्रूवर अडकवले होते ते तिनं एका रात्रीत उपटले. पाइप नसेल तर जाड बांबू चालतो, दर वेताला बदलायचा.

कोबा गुळगुळीत नको, ओला असताना खराट्यानं रेषा ओढून घ्या. फार खरबरीत पण नको, दूध पिताना पिल्लांचे पुढचे गुडघे सोलतात आणि त्यातून सांधे सुजतात. उतार १० फुटाला ३ इंच, नालीकडं. पाण्याची निपल (डुकरीण तोंडानं दाबून पाणी पिते ती तोटी) नालीच्या बाजूलाच बसवा, ओलं तिथं होईल, मादी शेण पण तिकडंच टाकेल आणि झोपायची बाजू कोरडी राहील. ही एक गोष्ट आधी कळली असती तर माझे शंभर तास साफसफाईचे वाचले असते.

तिसरी गोष्ट, पिल्लांचा कोपरा. आईला १८ ते २० डिग्री बरं वाटतं आणि पहिल्या दिवसाच्या पिल्लाला ३२ ते ३५ लागतं, एका खोलीत दोन ऋतू करायचे असतात. ४ बाय ३ चा कोपरा पाइपनं नाहीतर फळ्यांनी तोडून घ्या, खाली पिल्लू जाईल पण आईचं डोकं जाणार नाही एवढी फट, वर झाकण म्हणून प्लायचा तुकडा, आत कोरडं बारीक पाचट आणि बल्ब. बल्ब त्या कोपऱ्यातच, आईच्या अंगावर नाही. बल्ब मधे लावला की पिल्लं मधे झोपतात, मधे आई. उंची पिल्लांकडं बघून ठरवा, एकावर एक चढून झोपली तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या, चारी बाजूंना लांब पांगून झोपली तर गरम होतंय, वर करा, शेजारी-शेजारी कुशीवर पडली असली तर हात लावू नका. लाइट जाते तिथं रात्रीसाठी कोपरा गोणपाटानं तीन बाजूंनी बंद करून पाचट वाढवा.

विताना पिंजरा लावावा का हा प्रश्न येणारच. पिंजऱ्यात दबून मरणं कमी होतं हे खरंय, ज्याच्याकडं एका माणसावर ५० माद्या आहेत तो लावतो. पण तिथं मादी वळून पिल्लाला हुंगू शकत नाही, घर करू शकत नाही, हेलसिंकीच्या संशोधकांना तर पिंजऱ्यातल्या माद्या व्यायला मोकळ्या माद्यांपेक्षा जास्त वेळ घेतात असं दिसलं, आणि विणं लांबलं की शेवटची पिल्लं गुदमरून येतात. म्हणजे एका हातानं वाचवलं ते दुसऱ्या हातानं जातं. स्वीडननं तर १९८८ पासून मोकळं विणंच ठेवलंय. दोन-चार माद्यांवर तुम्ही स्वतः लक्ष देणार असाल तर मोठी खोली, पाइप, कोपरा आणि पाचट हेच करा. मधला मार्ग म्हणून काही जण उघडझाप होणारं गेट लावतात, विल्यावर पहिले ३-४ दिवस मादीला आवळून ठेवायचं आणि मग मोकळं, ते पण जमतं.

पायरी ४: पाचट, म्हणजे तिला घर बांधू द्या

विण्याच्या १२ ते २४ तास आधी डुकरीण घर बांधायला लागते. तोंडात पाचट घेते, कोपऱ्यात नेते, पायानं उकरते, परत आणते. गोव्यात-कोकणात मोकळी फिरणारी गावठी डुकरीण झुडपात जाऊन असंच करते. स्कॉटलंडमध्ये एडिंबराला संशोधकांनी फार्मवरची डुकरं जवळजवळ जंगलासारख्या आवारात सोडली होती, त्यातल्या माद्या पण कळप सोडून लांब गेल्या आणि घरटं करून व्याल्या. इतक्या पिढ्या शेडात काढून सुद्धा. खाली काही नसलं तरी ती हे करणारच, नुसता कोबा उकरते, पाइप चावते, उठते-बसते, उठते-बसते, आणि त्याच उठबशीत व्यायला लागते. घर बांधून झालेली मादी शांत पडून विते, पिल्लं सहसा दाबत नाही.

मी १० किलोपर्यंत पाचट देतो, अख्खं नाही, कुट्टीतून हातभर लांबीचं काढून, अख्ख्यात पिल्लं अडकतात. कोकणात भाताचा पेंढा, विदर्भ-खानदेशात गव्हाचं काड. बुरशी लागलेलं काही घालू नका. विल्यावर ओलं झालेलं काढून रोज मूठभर नवीन.

पायरी ५: आठवडाभर आधी ते तिसरा दिवस

विण्याच्या ७ दिवस आधी मादी खोलीत आणा, आदल्या दिवशी आणू नका, तिला जागेचा वास, निपल, आवाज सगळं अंगवळणी पडायला लागतं. खोली आधी धुऊन, चुना मारून, सुकवून ठेवलेली. मादीला कोमट पाणी आणि साबणानं आंघोळ, कास नीट.

सडातून दूध आलं की समजा साधारण एका दिवसात विणार. त्या रात्री तिथंच राहा. नाकातोंडातला चिकटा पुसा, गोणपाटानं कोरडं करा, सडाला लावा. चीक पहिल्या ६ तासांत पोटात गेला पाहिजे, एक दिवस उलटला की पिल्लाच्या आतड्यातून त्यातली ताकद रक्तात जाणं बंद होतं. वार पडली का बघा आणि लगेच उचला.

पहिलारू मादी कधीकधी पिल्लांवर धावून जाते, चावते. अशा वेळी आरडाओरडा न करता पिल्लं टोपलीत घालून कोपऱ्यात बल्बखाली ठेवायची, सगळं विणं संपून ती पडली की एकेक करून सडाला लावायची. अंधार आणि शांतता हेच औषध. कुत्रं, अनोळखी माणसं, बघ्यांची गर्दी नको. आमच्याकडं एकदा शेजारच्या वस्तीवर वरात होती, डीजे दणकत होता, त्या रात्री व्यालेल्या पोरीनं दोन पिल्लं मारली. आता मी लग्नाची तारीख बघून भरवतो, हसू नका.

आवाज टाळायचं अजून एक कारण आहे. डुकरीण गाईसारखी कधीही दूध सोडत नाही, साधारण तासातासानं ती हाक मारते, गुरगुर हळूहळू वाढते, पिल्लं कास ढुसतात आणि मग दूध जेमतेम १५-२० सेकंद येतं. ती हाक चुकली की ती पाळी गेली. घरघरणारा मोठा फॅन नाहीतर जनरेटर विण्याच्या खोलीला चिकटून ठेवलात तर ती हाकच पिल्लांना ऐकू जात नाही.

तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, डॉक्टरकडून, २०० मिलिग्रॅम. कोब्यावरच्या पिल्लाला माती मिळत नाही म्हणून हे लागतंच. पिल्लं जास्त आणि सड कमी असतील तर पहिल्या दोन दिवसांतच त्याच वेळी व्यालेल्या दुसऱ्या मादीखाली टाका, नंतर प्रत्येकानं आपापला सड धरलेला असतो, मग मारामारी.

कास कडक, गरम, मादी पोटावर पडून सड लपवतेय, खात नाहीये, तर डॉक्टरला लगेच बोलवा, पिल्लं काही तासांत उपाशी पडतात. ओली घाण फरशी आणि बद्धकोष्ठ, यातनं हे बरंचदा येतं, म्हणजे परत शेडच.

पायरी ६: दूध चालू असताना

पाणी, पाणी, पाणी. पाजणारी मादी दिवसाला २० ते ३० लिटर पिते, उन्हाळ्यात वर. बाटली धरून निपल दाबा, मिनिटाला २ लिटर आलं पाहिजे. टाकी उन्हात असेल तर गोणपाट गुंडाळा, गरम पाणी ती पीत नाही, पाणी नाही तर खाणं नाही, खाणं नाही तर दूध नाही, आणि मग ती वाळते, पुढचा माज लांबतो. खाणं २ किलो स्वतःचं आणि दर पिल्लामागं अर्धा किलो, हळूहळू वाढवत. एप्रिल-मेमध्ये पहाटे ५ ला आणि रात्री ९ ला घाला. मानेवर थेंब-थेंब पाणी पडेल अशी बारीक नळी ठेवा, पिल्लांचा कोपरा मात्र कोरडा.

शेडात वास येतोय का हे उभं राहून कळत नाही, खाली उकिडवं बसा, डुकराच्या नाकाच्या उंचीवर. डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे.

बाहेरच्या माणसाला आत घेऊ नका, दारात चुन्याचा नाहीतर औषधाचा खड्डा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग २०२० साली आसाम-अरुणाचलातून देशात आला, त्याला औषध नाही. हॉटेलचं खरकटं घालत असाल तर उकळूनच.

पायरी ७: दूध तोडणं

मादी बाहेर काढा, पिल्लं तिथंच ठेवा. आई गेली, वर जागा पण बदलली तर पिल्लं खाणं सोडतात. आठवडाभर त्याच खोलीत, मग पुढं. मादी नराच्या शेजारच्या खोलीत, जाळीतून तोंडाला तोंड लागेल अशी, ४ ते ७ दिवसांत माजावर येते. नाही आली तर आधी तिची पाठ बघा, हाडं दिसत असतील तर दोष खाण्यापाण्याचा.

नवीन लोक सगळ्यात जास्त चुकतात ते विण्याच्या खोल्या किती लागतात यात. एक मादी खोली अडवते ७ दिवस आधी, ४२ दिवस पाजताना, ७ दिवस एकटी पिल्लं, आणि ७ दिवस धुऊन चुना मारून रिकामी, मिळून ६३ दिवस. मादीचं चक्र १६३ दिवसांचं. म्हणजे एका खोलीत जेमतेम अडीच माद्या बसतात. ५ माद्यांना २ खोल्या, १० माद्यांना ४, तेही सगळ्या एकदम न भरवता पुढंमागं भरवल्या तर. माझ्याकडं पहिल्या वर्षी ६ माद्यांना एकच होती.